पाळीचा वाद, बडतर्फी आणि कामगाराचे हक्क

(द्वितीय वर्ष कला)

‘पाळी’ हा शब्द आमच्या केडगावात तीन-चार अर्थांनी कानावर येतो. शेतकरी रान तयार करताना कुळवाची पाळी घालतो. पाटाचे पाणी आले की कोणाची पाळी आधी आणि कोणाची नंतर यावरून बांधावर भांडणे होतात. आणि नागापूरच्या एमआयडीसीत किंवा सुप्याला कामाला जाणारी माणसे रस्त्याच्या कडेला कंपनीच्या बसची वाट पाहत उभी असतात, तेव्हा एकमेकांना पहिला प्रश्न विचारतात तो, “या आठवड्याला कोणती पाळी?” घरातील जेवणाची वेळ, लग्नाला जायचे की नाही, मुलाच्या शाळेत पालक सभेला कोणी जायचे, हे सारे या एका प्रश्नाच्या उत्तरावर ठरते. बांधावरची पाळी चुकली तर माणूस भांडून ती परत मिळवू शकतो. कारखान्यातील पाळीवरून भांडण झाले आणि त्यात नोकरी गेली तर ती परत मिळवण्याचा मार्ग कोणता, याचा अभ्यास प्रस्तुत लेखात करण्याचा प्रयत्न केला आहे. मी कायद्याचा विद्यार्थी नाही. अर्थशास्त्राच्या तासाला ‘श्रम’ हा उत्पादनाचा घटक म्हणून जेवढा शिकवला जातो तेवढाच मला ठाऊक होता. पुढचे घरच्या निमित्ताने वाचावे लागले, ते कसे याचा उल्लेख योग्य ठिकाणी येईलच.

पाळीचा प्रश्न दिव्याच्या प्रश्नाइतका जुना आहे. सूर्य मावळला की काम थांबे, तोपर्यंत पाळी या गोष्टीला फारसा अर्थ नव्हता. मुंबईच्या गिरण्यांत १९०५ च्या सुमारास विजेचे दिवे आले आणि कामाचे तास तेरा-चौदापर्यंत लांबले. त्याआधीही परिस्थिती चांगली नव्हतीच. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या व सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सरकारच्या आयोगापुढे ठेवले. त्यातील मागण्या आज वाचल्या तर नवल वाटते : आठवड्याला रविवारची सुट्टी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त एवढेच काम, महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत पगार. माणसे ‘वेळ’ मागत होती. रविवारची सुट्टी मिळायला १० जून १८९० हा दिवस उजाडावा लागला. नंतरच्या कायद्यांनी तास हळूहळू खाली आणले. १९११ साली कापड गिरण्यांतील पुरुषांना दिवसाला बारा तास, १९२२ साली आठवड्याला साठ तास, १९३४ साली चोपन्न. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. त्यांच्याच कारकीर्दीतील प्रयत्नांतून १९४६ च्या दुरुस्तीने आठवड्याचे तास अठ्ठेचाळीसवर आले. हाच आकडा १९४८ च्या कारखाना कायद्यात गेला. दिवसाला जास्तीत जास्त नऊ तास, पाच तासांनंतर निदान अर्ध्या तासाची विश्रांती, जादा कामाला दुप्पट दर, आणि कोणत्या पाळीची वेळ काय याचा फलक कारखान्यात लावलेला असणे, हे सर्व त्या कायद्याने सांगितले. येथे थोडे विषयांतर करून नोंदवतो की सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने कारखान्यातील दिवसाची मर्यादा नऊवरून बारा तासांवर नेण्यास मान्यता दिली. आठवड्याचे अठ्ठेचाळीस तास कायम ठेवले आणि जादा कामासाठी कामगाराची लेखी संमती आवश्यक मानली. संमती न देणाऱ्याचे पुढे काय होते, हा प्रश्न ज्यांनी कारखान्याचे फाटक आतून पाहिले आहे त्यांच्या मनात आल्याशिवाय राहणार नाही.

आता घरची हकीकत. माझे वडील नगरजवळच्या एका कारखान्यात चौदा वर्षे कामाला होते. कारखान्याचे नाव येथे देत नाही. साधारण साठ-सत्तर कामगार होते. एक आठवडा पहिली पाळी, एक आठवडा दुसरी, असा क्रम सर्वांना लागू होता. जून २०२३ मध्ये रात्री अकरा ते सकाळी सात अशी तिसरी पाळी नव्याने सुरू झाली आणि त्यात कायमचे ठेवण्यासाठी पाच जणांची नावे काढण्यात आली. त्यांत वडिलांचे नाव होते. वडिलांना मधुमेह आहे. रात्री जागून औषधाच्या आणि जेवणाच्या वेळा सांभाळत नाहीत असे डॉक्टरांनी सांगितले होते. तरीही त्यांनी नकार दिला नाही. “रात्रपाळी करतो, पण सगळ्यांसारखी आळीपाळीने द्या,” एवढेच ते म्हणाले. त्यावर सुपरवायझर म्हणाले, “जमत नसेल तर घरी बसा.” वडील त्या आठवड्याच्या नेहमीच्या पाळीला गेले. तिसऱ्या दिवशी फाटकावरील रखवालदाराने सांगितले की तुमचे हजेरी कार्ड बंद झाले आहे, आत सोडू नका असा हुकूम आहे. हातात कागद नाही, नोटीस नाही, काही नाही.

पुढचा दीड महिना ओळखीच्या माणसांना भेटण्यात गेला. कोणी म्हणे साहेबांना घरी जाऊन भेटा, कोणी म्हणे गणपतीपर्यंत थांबा, राग शांत होईल. आमच्या गल्लीत साखर कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका आहेत, ते पूर्वी युनियनचे काम करत. त्यांनी ऐकताच विचारले, “लेखी काय आहे?” काहीच नाही म्हटल्यावर ते मला म्हणाले, “तू अकरावीला आहेस ना? बस, लिही.” त्या रात्री मी लिहिलेले पत्र अगदी साधे होते. अमुक तारखेपासून अमुक पाळीला मी कामावर हजर होण्यासाठी आलो असता मला फाटकावर अडवण्यात आले. मी आजही कामावर येण्यास तयार आहे. मला कामावर घ्यावे अथवा न घेण्याचे कारण लेखी कळवावे. ते रजिस्टर पोस्टाने पोचपावतीसह पाठवले. (ही सेवा २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाली आहे, तेव्हा आता पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे लागते, पोहोचल्याचा पुरावा जपणे मात्र तितकेच जरूरीचे.) उत्तर आले. त्यात लिहिले होते की आपण पूर्वपरवानगीशिवाय गैरहजर राहिल्याने आपले नाव पटावरून कमी करण्यात आले आहे. रात्रपाळीचा त्यात अवाक्षरानेही उल्लेख नव्हता. हे उत्तर वाचून घरात सगळे खचले, काका मात्र खूश झाले. ते का, हे मला पुढे वाचन केल्यावर समजले.

पहिला प्रश्न असा की मालकाला पाळी बदलता येते का? याचे उत्तर सरळ ‘हो’ किंवा ‘नाही’ असे नाही. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या ९-अ कलमानुसार कामाच्या काही शर्तींमध्ये बदल करायचा तर मालकाने कामगारांना एकवीस दिवसांची नोटीस देणे आवश्यक होते. कोणत्या शर्ती याची यादी कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत होती. कामाचे तास व विश्रांती ही तीत चौथ्या क्रमांकावर, आणि पाळ्या सुरू करणे, बदलणे किंवा बंद करणे हे सहाव्या क्रमांकावर. पण सहाव्या क्रमांकाला एक शेपूट आहे : ‘स्थायी आदेशांनुसार नसेल तर’. स्थायी आदेश म्हणजे त्या कारखान्याची प्रमाणित नियमावली. तीत साधारणपणे असे लिहिलेले असते की कामगाराची एका पाळीतून दुसऱ्या पाळीत बदली करता येईल. म्हणून चालू असलेल्या पाळ्यांपैकी आज पहिली, उद्या दुसरी, असा बदल मालक नोटिशीशिवाय करू शकतो; त्याला नाही म्हणता येत नाही. परंतु जी पाळी अस्तित्वातच नव्हती ती सुरू करणे, किंवा चालत आलेला आळीपाळीचा क्रम मोडून काही माणसांना कायमचे रात्रीच्या पाळीत बांधणे, ही गोष्ट वेगळी पडते. कामगारांत हा फरक फारसा माहीत नसतो. ‘पाळी बदलली म्हणजे अन्याय’ किंवा ‘साहेब म्हणतील ती पाळी’, अशी दोन टोकांची मते कट्ट्यावर ऐकू येतात आणि दोन्ही कायद्याला धरून नाहीत.

नोटिशीचा हा नियम केवळ उपचार आहे असे समजू नये. कोळसा खाणीतील कामगारांची रविवारची साप्ताहिक सुट्टी टाटा कंपनीने दुसऱ्या वारी नेली, तेव्हा ९-अ ची नोटीस न दिल्यामुळे तो बदल सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली मान्य केला नाही. दिवस तोच एक, पगार तोच. फक्त वार बदलला होता. महाराष्ट्रातील उदाहरण द्यायचे तर नागपूरच्या ‘लोकमत’ वृत्तपत्राचे देता येईल. तेथे फोटो-टाइपसेटिंग आले आणि १९८२ साली जुन्या पद्धतीने खिळे जुळवणाऱ्या कामगारांना कमी करण्यात आले. ते प्रकरण १९९९ पर्यंत चालले. नोटीस आधी आणि बदल नंतर, हा क्रम उलटा करता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने त्यात सांगितले. नवे यंत्र आणू नका असे न्यायालय म्हणाले नाही हे लक्षात घेतले पाहिजे. आणण्यापूर्वी ज्यांच्या पोटावर ते येणार आहे त्यांना विचारात घ्या, एवढाच त्या एकवीस दिवसांचा अर्थ आहे.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार श्रम संहिता लागू झाल्या आणि १९४७ च्या कायद्याची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने घेतली. जूनचा जुना नियम संहितेच्या ४० व्या कलमात आला आहे; एकवीस दिवस कायम आहेत. मात्र एक नवी वाट काढून दिली आहे. तातडीची परिस्थिती असेल तर तक्रार निवारण समितीशी विचारविनिमय करून पाळ्यांत बदल करता येईल, त्यासाठी नोटीस लागणार नाही. ही समिती वीस किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी असावी लागते व तीत मालकाचे आणि कामगारांचे प्रतिनिधी समसमान असतात. ‘तातडी’ कशाला म्हणायचे हे आता न्यायालयात ठरत जाईल. दुसरा बदल मला अधिक महत्त्वाचा वाटतो. स्थायी आदेशांचा कायदा महाराष्ट्रात पन्नास कामगारांच्या आस्थापनेला लागू होत असे. संहितेत ती संख्या तीनशे झाली आहे. वडील ज्या कारखान्यात होते तेवढ्या आकाराच्या कारखान्याला आता लेखी नियमावली बंधनकारक उरलेली नाही. आपल्या जिल्ह्यातील एमआयडीसीत तीनशे कामगारांचे कारखाने किती आणि साठ-सत्तरांचे किती, हे सकाळी सुटणाऱ्या बसगाड्यांकडे पाहिले तरी कळते.

दुसरा प्रश्न : पाळी नाकारली तर काढून टाकता येते का? कायदेशीर आणि वाजवी आदेश जाणूनबुजून न पाळणे हे स्थायी आदेशांत गैरवर्तन मानले आहे. म्हणून जाणती युनियनची माणसे सांगतात की हुकूम चुकीचा वाटला तरी लेखी निषेध नोंदवून कामावर जावे आणि भांडण नंतर करावे. घरी बसून राहिले की ‘गैरहजर’ म्हणायला मालकाला आयतेच कारण मिळते. शिवाय तोंडावर ताबा हवा. महिंद्र अँड महिंद्र कंपनीतील एका कामगाराने वरिष्ठाला अर्वाच्य शिवीगाळ केली. त्याची बडतर्फी सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये कायम ठेवली.

पण गैरवर्तन घडले तरी शिक्षा त्याच्या मानाने असावी लागते. या मुद्द्यावर आपल्याच राज्यातील दोन खटले शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत, आणि दोन्ही पाळीवर झोप लागण्याचे आहेत! पहिला ठाण्याच्या कलर केम कंपनीचा. रात्रपाळीत पहाटेच्या सुमारास यंत्र चालू असताना कामगार झोपलेले आढळले. चौकशी झाली, बडतर्फी झाली. न्यायालयाने झोपणे हे क्षुल्लक गैरवर्तन आहे असे म्हटले नाही. चालू यंत्राशी झोपणे धोक्याचेच आहे. तरीसुद्धा त्यासाठी कायमची नोकरी घालवणे ही शिक्षा इतकी बेसुमार आहे की ती देणे हाच कामगाराचा छळ ठरतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये दिला. दुसरा पुण्याच्या भारत फोर्जचा. ऑगस्ट १९८३ मध्ये पहिल्या पाळीत, दुपारी बाराला वीस मिनिटे कमी असताना, एक मदतनीस कामगार लोखंडी पत्र्यावर गाढ झोपलेला सापडला. त्याला यापूर्वीही गैरवर्तनाबद्दल शिक्षा झालेल्या होत्या. खालच्या न्यायालयांतून हे प्रकरण वर वर जात राहिले आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फी योग्य ठरवली. एका झोपेचा निकाल लागायला बावीस वर्षे लागली. हे दोन निर्णय परस्परविरोधी आहेत असे प्रथमदर्शनी वाटते. बारकाईने पाहिले तर फरक सापडतो : एकीकडे मध्यरात्रीनंतरची वेळ होती, दुसरीकडे भर दिवस आणि पूर्वीच्या शिक्षांचा इतिहास होता. तरीही मला प्रामाणिकपणे वाटते की १९९८ आणि २००५ या दोन वर्षांच्या दरम्यान न्यायालयांचा कामगाराकडे पाहण्याचा सूरही थोडा बदललेला होता. आमचे अर्थशास्त्राचे सर उदारीकरण शिकवताना आयात शुल्काचे आकडे देतात, तसे हे दोन खटलेही देता येतील असे सुचवावेसे वाटते.

शिक्षा देण्यापूर्वीची पद्धत ठरलेली आहे. आरोपपत्र लेखी द्यायचे, उत्तराला वेळ द्यायचा, चौकशी अधिकाऱ्यापुढे साक्षी व्हायच्या, कामगाराला उलट तपासणीची संधी मिळायची. चौकशीपुरते निलंबन केले तर पहिले नव्वद दिवस निम्मा आणि पुढे पाऊण पगार निर्वाह भत्ता म्हणून द्यायचा. हे सारे टाळण्यासाठी एक युक्ती फार प्रचलित आहे. माणसाला फाटकावर अडवायचे आणि कागदावर ‘गैरहजर’ लिहायचे. म्हणजे बडतर्फीही नाही आणि चौकशीही नाही, माणूस स्वतःच सोडून गेला! फरिदाबादच्या जे.एम.ए. इंडस्ट्रीजमधील यादव नावाच्या कामगाराच्या बाबतीत नेमके हेच झाले. डिसेंबर १९८० मध्ये आपल्याला फाटकातून आत जाऊ दिले नाही असे त्याचे म्हणणे. आठ दिवसांहून अधिक काळ गैरहजर म्हणून स्थायी आदेशानुसार नोकरी आपोआप संपली असे कंपनीचे म्हणणे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की नोकरी जाणे म्हणजे उपजीविका जाणे, आणि माणसाचे म्हणणे ऐकून घेतल्याशिवाय ती अशी ‘आपोआप’ संपवता येत नाही. त्याला निम्म्या मागील पगारासह कामावर घेण्याचा हुकूम झाला. वडिलांना आलेले उत्तर वाचून काका खूश का झाले याचे कारण हे. ‘नाव पटावरून कमी केले’ हे वाक्य मालकानेच लिहून दिले होते, चौकशी झाल्याचा त्यात शब्द नव्हता, आणि आमच्याजवळ ‘मी कामावर येण्यास तयार आहे’ या पत्राची पोचपावती होती.

आता मुदतींविषयी. सर्वांत अधिक माणसे कायद्याने हरत नाहीत, तारखेने हरतात. महाराष्ट्रात १९७१ चा एक स्वतंत्र कायदा आहे. त्याचे नाव लांबलचक असले तरी कोर्टाच्या आवारात त्याला ‘पल्प’ म्हणतात. ८ सप्टेंबर १९७५ पासून तो अमलात आला. सूडबुद्धीने, उघड खोट्या कारणाने किंवा नैसर्गिक न्याय डावलून कामगाराला काढणे ही त्याने अनुचित प्रथा ठरवली आहे आणि कामगार स्वतः थेट कामगार न्यायालयात तक्रार करू शकतो. पण घटनेपासून नव्वद दिवसांच्या आत! उशिराचे सबळ कारण दाखवले तर न्यायालय माफ करू शकते, तरी त्यावर अवलंबून राहू नये. ‘गणपतीपर्यंत थांबा’ हा सल्ला किती महाग पडला असता हे आम्हांला यावरून कळले; वडिलांची तक्रार त्र्याऐंशीव्या दिवशी दाखल झाली. दुसरी वाट समेट अधिकाऱ्याची. कामगार आयुक्तांच्या कार्यालयात अर्ज करायचा, पंचेचाळीस दिवसांत तोडगा निघाला नाही तर थेट न्यायालयात जाता येते. ही सोय २०१० च्या दुरुस्तीने झाली. त्यापूर्वी सरकारने प्रकरण पाठवले तरच न्यायालयाचे दार उघडत असे. या वाटेला तेव्हा तीन वर्षांची मुदत होती; नव्या संहितेत ती दोन वर्षे झाली आहे आणि कामगार न्यायालयाच्या जागी न्यायाधिकरण आले आहे. दोन्ही वाटांनी एकाच वेळी जाता येत नाही, म्हणून आधी जाणकाराला विचारावे.

जाणकार म्हटला की फी आली, असे वाटून पुष्कळ जण मागे फिरतात. त्यांच्यासाठी एक गोष्ट मुद्दाम लिहितो. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या बाराव्या कलमात मोफत वकील कोणाला मिळावा याची यादी आहे. तीत स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक यांच्याबरोबर औद्योगिक कामगारही आहे. जिल्हा न्यायालयात या प्राधिकरणाचे कार्यालय असते, अर्ज साधा असतो.

दावा चालू असो वा नसो, काही पैसे कामगाराचे असतातच. काढून टाकल्यापासून दोन कामाच्या दिवसांत उरलेला पगार मिळाला पाहिजे; हा नियम १९३६ च्या कायद्यात होता, आजच्या वेतन संहितेतही आहे. भविष्य निर्वाह निधी कामगाराच्या नावावरचा आहे. पाच वर्षे पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी, तिचा हिशोब दर वर्षाला पंधरा दिवसांचा पगार, महिना सव्वीस दिवसांचा धरून. वडिलांची चौदा वर्षे होती. मी वहीत हिशोब मांडला तेव्हा चौदा गुणिले पंधरा म्हणजे दोनशे दहा दिवसांचा पगार आला, आणि आमच्या घरात प्रथमच कोणीतरी म्हणाले की शिकल्याचा काही उपयोग होतो बुवा. कामगाराचा दोष नसता केवळ गरज नाही म्हणून कमी केले असेल, तर वर्षात दोनशे चाळीस दिवस भरलेल्या कामगाराला एक महिन्याची नोटीस वा तिचा पगार, आणि शिवाय दर वर्षाला पंधरा दिवसांची भरपाई द्यावी लागते. राजीनाम्यावर सही करून हिशोब घेतला की यांतील भांडण्याजोगे फारच थोडे शिल्लक राहते. फाटकावर ‘आधी सही करा, मग चेक घ्या’ असे म्हणतात ते यासाठीच.

कामावर परत घेण्याचा हुकूम झाला तर मधल्या काळाच्या पगाराचे काय? औरंगाबादच्या एका शिक्षिकेचे प्रकरण येथे उपयोगी आहे. संस्थेवर आलेल्या नगरपालिकेच्या कराचा भार शिक्षकांनी उचलावा ही मागणी तिने नाकारली आणि त्यानंतर तिची नोकरी गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये तिच्या बाजूने निर्णय देताना सांगितले की बडतर्फी बेकायदा ठरली तर पूर्ण मागील पगार हा सामान्य नियम आहे. मात्र आपण त्या काळात दुसरीकडे कमाईच्या नोकरीत नव्हतो, किंवा कमी पगारावर होतो, हे कर्मचाऱ्याने सांगितले पाहिजे. मग ते खोटे ठरवण्याचे ओझे मालकावर. याच्या उलट, रोजंदारीवरील माणसाला काढताना नियम मोडला गेला तरी कामावर परत न घेता एकरकमी भरपाई द्यावी, असे अनेक निर्णय गेल्या पंधरा-वीस वर्षांत झाले आहेत. कायम आणि रोजंदारी यांतील ही दरी पुस्तकात दिसते त्याहून कोर्टात जास्त रुंद आहे.

वडिलांच्या बाबतीत हा मुद्दा फार विचित्र रीतीने पुढे आला. घर चालवायचे म्हणून ते एका गोदामावर राखणीला लागले आहेत. काम रात्री आठ ते सकाळी आठ. रात्रपाळीच्या वादात नोकरी गेलेला मनुष्य आता रोज रात्रपाळी करतो, आणि त्याला बदली पाळीच नाही! पगार पूर्वीच्या निम्म्याहून कमी. ही कमाई न्यायालयापुढे लपवायची की सांगायची असा घरात प्रश्न पडला होता. वकिलांनी सांगण्याचा सल्ला दिला व वडिलांनी प्रतिज्ञापत्रात तसे लिहून दिले. साक्षीपुराव्याचे काम चालू आहे. कारखान्यात बरोबर काम करणाऱ्या दोघांनी साक्ष देतो म्हणून सांगितले होते, त्यांतील एक आता देणार नाही. त्याला दोष देण्यास मन धजत नाही. तो अजून तेथेच कामाला आहे आणि त्याचीही मुलगी शिकते आहे.

शेवटी आपल्याच वर्गाविषयी. आपल्या महाविद्यालयातील पुष्कळ मुले रात्री कंत्राटदारामार्फत कारखान्यात किंवा कुरियरच्या गोदामात काम करतात आणि सकाळी अकराच्या तासाला डोळे ताणून बसतात. दुकाने व आस्थापनांचा २०१७ चा राज्याचा कायदा २०२५ पर्यंत दहा किंवा अधिक माणसे असलेल्या ठिकाणी लागू होत असे. त्यापूर्वीच्या १९४८ च्या कायद्यात वर्षभर नोकरी झालेल्याला काढताना तीस दिवसांची नोटीस द्यावी अशी तरतूद होती. नव्या कायद्यात तसे कलम नाही. म्हणजे दुकानातला नोकर या बाबतीत आपल्या आजोबांच्या काळापेक्षा मागे गेला आहे. नव्या संहितांनी एक गोष्ट मात्र चांगली केली आहे : प्रत्येक कर्मचाऱ्याला लेखी नेमणूक पत्र दिले पाहिजे. पाळी कोणती, पगार किती, नेमले कोणी, हे त्यावरूनच सिद्ध होते आणि ते नसले तर वर लिहिलेल्या प्रत्येक हक्काच्या आधी ‘तुम्ही आमचे कामगार होता याला पुरावा काय?’ हा प्रश्न येऊन उभा राहतो. हा लेख लिहिताना मी वर्गातील रात्रपाळी करणाऱ्या सहा मुलांना त्याविषयी विचारले. दोघांकडे बँकेत पगार जमा झाल्याची नोंद आहे, तिघांकडे फाटकाचा पास आहे. एक जण म्हणाला, “सुपरवायझरचा फोन नंबर आहे माझ्याकडे.” नेमणूक पत्र सहांपैकी कोणाकडेच नव्हते.